सॉफ्टवेअर निर्मितीचा संगणक : निवड आणि खरेदी



मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक कार्यान्वित झाला. पुढे तो ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत असत. आजच्या परिमाणात सांगावयाचे तर सुमारे १० किलोबाइट. त्या यंत्रासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांना कोणता संगणक घ्यावा हा प्रश्न कधी पडला नाही. यंत्र एकच होते आणि आपली पाळी केव्हा येईल एवढेच विचारणे त्यांच्या हाती होते.

आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. एखाद्या मध्यम प्रतीच्या लॅपटॉपमध्ये टिफ्रॅकच्या सोळा लक्ष पटींहून अधिक स्मृती असते आणि असे शेकडो नमुने बाजारात मांडलेले असतात. प्रश्न पाळीचा राहिलेला नसून निवडीचा झाला आहे. हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील कंपन्यांपुरता उरलेला नाही, म्हणून त्याची चर्चा या व्यासपीठावर होणे अगत्याचे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय विभागांसाठी आज्ञावली तयार करणारे छोटे गट काम करीत आहेत. तंत्रनिकेतनांतून आणि महाविद्यालयांतून प्रयोगशाळा उभ्या राहत आहेत. तालुक्याच्या गावी घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील कंपनीचे काम करणारे तरुण-तरुणी दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या पहिल्या यंत्रासाठी घरातील एखाद्या हंगामाचे उत्पन्न खर्ची पडते. अशा वेळी शासनाचा असो वा शेतकऱ्याचा असो, पैसा चुकीच्या यंत्रात अडकला तर तो परत मिळत नाही. आणि त्याहीपेक्षा मोठे नुकसान असे की, पुढील चार-पाच वर्षे त्या यंत्रासमोर बसणाऱ्याचे तास वाया जात राहतात.

सॉफ्टवेअर निर्मितीचे काम म्हणजे टंकलेखन नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते किंवा दाखले देणे यांसाठी लागणारा संगणक आणि आज्ञावली घडविण्यासाठी लागणारा संगणक दिसावयास सारखेच असतात, परंतु त्यांच्यावर पडणारा भार अगदी निराळा असतो. प्रोग्रामर थोडा मजकूर लिहितो, तो यंत्राच्या भाषेत रूपांतरित करून घेतो, चालवून पाहतो, चूक शोधतो आणि पुन्हा लिहितो. रूपांतराच्या या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. लिहिणे, बिल्ड आणि पडताळणी यांचे हे चक्र दिवसातून पन्नास वेळा फिरू शकते, आणि दर फेरीला यंत्र जितका वेळ घेते तितका वेळ माणूस हात बांधून बसतो.

याचा हिशेब मांडणे कठीण नाही. उदाहरणादाखल असे धरावे की, एका यंत्रावर एका बिल्डला ९० सेकंद लागतात आणि दुसऱ्यावर ३०, आणि दिवसातून अशी ४० बिल्ड करावी लागतात. दिवसाला ४० मिनिटे वाचली. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर १६० तास होतात, म्हणजे आठ तासांचे २० दिवस. साधारणतः एका महिन्याचे काम. त्या कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा ४०,००० रुपये असेल तर दरवर्षी तेवढी रक्कम केवळ वाट पाहण्यात जाते. दोन यंत्रांच्या किमतीतील फरक २५-३० हजारांचा असेल, तर स्वस्त म्हणून घेतलेले यंत्र पहिल्या वर्षातच महाग पडले. चार वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

खरे नुकसान या हिशेबाहूनही अधिक असते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या डोहर्टी आणि थडानी या दोघांनी १९८२ मध्ये संगणकाच्या प्रतिसादकाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आला की माणसाच्या कामाचा वेग, वाचलेल्या सेकंदांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वाढतो, असे त्यात दाखविले होते. कारण उघड आहे. विचारांचा धागा तुटत नाही. दीड मिनिट थांबावे लागले की माणूस चहाचा कप उचलतो, फोन पाहतो, शेजाऱ्याशी बोलतो, आणि मूळ प्रश्नाकडे परत येईपर्यंत पाच मिनिटे निघून गेलेली असतात. कार्यालयाचा अनुभव असणाऱ्या कोणालाही हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

टेबल, कपाट आणि अभिलेख कक्ष

यंत्राच्या अंतर्भागांपैकी सर्वांत जास्त दुर्लक्ष स्मृतीकडे, म्हणजे बाजारात जिला ‘रॅम’ म्हणतात तिच्याकडे होते. तिचे स्थान समजण्यासाठी कार्यालयाचेच उदाहरण घेणे सोयीचे. अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडलेल्या नस्त्या म्हणजे रॅम. त्याच खोलीतील कपाट म्हणजे आतील डिस्क. आणि महाजालाच्या पलीकडील दूरचा सर्व्हर म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा अभिलेख कक्ष. टेबल लहान असेल तर एक नस्ती उघडण्यासाठी दुसरी उचलून कपाटात ठेवावी लागते, आणि लगेच तीच पुन्हा काढावी लागते. अधिकारी कितीही कार्यक्षम असला तरी त्याचा दिवस ने-आण करण्यात जातो. संगणकाची रॅम अपुरी पडली की नेमके हेच घडते. प्रोसेसर रिकामा बसतो, डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि वापरणारा ‘संगणक हँग झाला’ म्हणतो.

प्रोग्रामरच्या टेबलावर एकाच वेळी काय काय उघडे असते? आज्ञावली लिहिण्याचा संपादक, दहा-वीस पाने उघडलेला ब्राउझर, चाचणीसाठी चालू ठेवलेला डेटाबेस, एखादा स्थानिक सर्व्हर, आणि भ्रमणध्वनीसाठीचे काम असेल तर संगणकातच चालणारा नकली फोन, ज्याला ‘एम्युलेटर’ म्हणतात. यांतील प्रत्येकाला एक ते चार गिगाबाइट सहज लागतात. यास्तव आजमितीस व्यावसायिक कामासाठी १६ गिगाबाइट ही खालची मर्यादा मानावी आणि शक्य तेथे ३२ घ्यावे. ८ गिगाबाइटच्या यंत्रावर प्रोग्रामिंग शिकता येते, आणि ते उत्तम शिकता येते. परंतु त्यावर उदरनिर्वाहाचे काम करणे हा स्वतःवर केलेला अन्याय ठरेल.

येथे एक बारकावा खरेदी करणाऱ्याने अवश्य विचारावा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावरच कायमची झाळलेली असते. ती पुढे कधीही वाढविता येत नाही. काहींत एक भाग झाळलेला आणि एक खाच मोकळी असते, काहींत दोन्ही खाचा मोकळ्या असतात. आज पैसे कमी असतील तर १६ गिगाबाइटची एकच पट्टी घालून दुसरी खाच रिकामी ठेवावी. दोन पट्ट्यांनी वेग थोडा अधिक मिळतो हे खरे असले तरी वाढीची जागा राहणे अधिक मोलाचे. मात्र ‘पुढे स्वस्त झाली की घेऊ’ या भरवशावर फार विसंबू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव उतरण्याऐवजी झपाट्याने चढले, हे ताजे उदाहरण आहे.

कपाटाविषयी थोडक्यातच सांगता येईल. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेत असली तरी विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला शंभर-दीडशे एवढ्याच गतीने शोधू शकते. एसएसडी म्हणजे हलणारा भाग नसलेली डिस्क. तिला हेच काम हजारोंच्या संख्येने करता येते. आधुनिक प्रकल्पांत एकेका कप्प्यात तीस-चाळीस हजार छोट्या फाइली असणे नवलाचे नाही. म्हणून आज्ञावली निर्मितीच्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून नसावीच. एनव्हीएमई प्रकारची ५१२ गिगाबाइटची एसएसडी पुरेशी होते. जुन्या यंत्राला नवे आयुष्य द्यावयाचे असेल तर पहिला खर्च हाच करावा. विषाणुरोधक आज्ञावली दर फाइल उघडताना तपासत बसली की हा सारा वेग मातीमोल होतो, हेही जाता जाता संगणक विभागाच्या कानी घातले पाहिजे.

नावापेक्षा पिढी महत्त्वाची

प्रोसेसरच्या बाबतीत जितका गैरसमज आहे तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. ‘आय-फाइव्ह किंवा समकक्ष’ अशी एक ओळ निविदांतून वर्षानुवर्षे उतरविली जाते. इंटेल कंपनीने ‘कोअर आय-सेव्हन’ हे नाव २००८ मध्ये आणि ‘आय-फाइव्ह’ हे नाव २००९ मध्ये आणले. तेव्हापासून त्याच नावाखाली पिढ्यामागून पिढ्या बाजारात आल्या. २०१३ चा आय-सेव्हन आणि २०२२ चा आय-थ्री समोरासमोर ठेवले तर धाकटा आय-थ्रीच पुढे जातो. अशा स्थितीत पिढी न लिहिता केवळ नाव लिहिणे म्हणजे पुरवठादाराला गोदामातील जुना माल खपविण्याचा परवानाच देणे होय. शिवाय लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस येणारे अक्षरही पाहिले पाहिजे. ‘यू’ अक्षर असलेले प्रोसेसर बॅटरी वाचविण्यासाठी कमी वीज घेतात. ‘एच’ अक्षराचे अधिक वीज घेऊन दीर्घकाळ वेग टिकवितात. एएमडी कंपनीच्या रायझेन प्रोसेसरनाही हेच तारतम्य लागू पडते.

कोअर किती असावेत? आज्ञावलीच्या शेकडो फाइलींचे रूपांतर एकाच वेळी अनेक कोअरवर वाटून देता येते, म्हणून सहा ते आठ सशक्त कोअर उपयोगी पडतात. परंतु अखेरीस सर्व तुकडे जोडण्याचे काम बऱ्याच अंशी एकापाठोपाठ एक असेच होते. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये या मर्यादेकडे लक्ष वेधले. कामाचा दहावा हिस्सा जर वाटून देता येत नसेल, तर कितीही कोअर लावले तरी वेग दहापटींच्या पुढे जाणार नाही. विहीर खणण्यासाठी मजूर वाढविता येतात, पण आत उतरण्याची शिडी एकच असेल तर विसावा मजूर काठावर उभाच राहतो. म्हणून जाहिरातीतील कोअरच्या संख्येने भुलून न जाता एकेका कोअरचा वेगही पाहावा.

चित्रप्रक्रियेच्या स्वतंत्र कार्डावर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, होणारा खर्च मात्र बहुसंख्य प्रोग्रामरांसाठी अनाठायी असतो. संकेतस्थळे, कार्यालयीन प्रणाली, भ्रमणध्वनीवरील सेवा यांना प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली चित्रक्षमता पुरते. खेळांची निर्मिती, त्रिमितीय चित्रण किंवा यंत्रशिक्षणाची प्रतिमाने घडविणे हे काम असेल तरच स्वतंत्र कार्ड घ्यावे. आणि यंत्रशिक्षणाच्या मोठ्या कामासाठी तर दूरचे यंत्र तासाच्या भाड्याने घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झगमगीत लॅपटॉपसाठी पालकांनी कर्ज काढलेले पाहिले की वाईट वाटते. त्या किमतीत उत्तम यंत्र, मोठा पडदा आणि चांगली खुर्ची असे तिन्ही येऊ शकले असते.

लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सारख्या किमतीत डेस्कटॉप अधिक वेगवान मिळतो, कमी तापतो आणि त्याचा बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत त्याचे सुटे भाग सहज मिळतात, आणि जिल्ह्याच्या गावीही ते दोन दिवसांत येतात. लॅपटॉपचा मुख्य फलक गेला तर दुरुस्तीचा आकडा ऐकून नवे यंत्र घ्यावेसे वाटते. तथापि ज्याला गाव आणि शहर यांत ये-जा करावी लागते, किंवा ज्याच्या घरी वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, त्याला लॅपटॉपखेरीज गत्यंतर नाही. त्याची बॅटरी हीच त्याची अखंड वीज. अशांनी घरी बसताना बाहेरचा पडदा आणि स्वतंत्र कळफलक जोडावा. मान खाली घालून चौदा इंची पडद्यात आठ तास पाहणे हे पस्तिशीतच पाठीचे दुखणे ओढवून घेणे आहे.

पडद्याच्या बाबतीत मराठी काम करणाऱ्यांनी विशेष चोखंदळ असावे. रोमन लिपीत एका ओळीत जे बसते, त्याला देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, पायमोडकी जोडाक्षरे असे दोन मजले अधिक लागतात. ‘सूर्य’ आणि ‘दर्या’ यांतील रफार किंवा ‘दऱ्या’मधील चंद्रकोरीसारखा र जुन्या, विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर नीट ओळखू येत नाही, आणि सातबाऱ्यावरील किंवा दाखल्यावरील नावात झालेली चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते. चोवीस इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा ही किमान अपेक्षा. सत्तावीस इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा मिळाला तर उत्तम. तो चकचकीत नसावा, आणि त्याची उंची कमी-अधिक करता यावी. कळफलकावर इन्स्क्रिप्ट मांडणीची अक्षरे छापलेली नसली तरी अडत नाही. सरावाने ती बोटांत बसते.

घडविण्याचे यंत्र आणि चालविण्याचे यंत्र

आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात एक भेद स्पष्ट केला आहे. आज्ञावली अंतिमतः ज्या यंत्रावर चालणार ते यंत्र वेगळे, आणि ती ज्या यंत्रावर घडविली जाते ते वेगळे. भारतातील सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभकाळीही हा भेद प्रत्यक्षात आला होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सत्तरच्या दशकात बरोज या अमेरिकन कंपनीसाठी केलेल्या एका कामात आज्ञावली बरोजच्या यंत्रासाठी हवी होती, आणि मुंबईत हाताशी होता तो आयसीएल १९०३ हा संगणक. त्या संगणकावरच मार्ग काढून काम पूर्ण करण्यात आले.

हा भेद आज शासकीय प्रणालींच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो. घडविणाऱ्याचे यंत्र वेगवान असावे, यात शंका नाही. पण त्याच्या वेगवान यंत्रावर आणि शहरातील जलद जोडणीवर जी प्रणाली क्षणात उघडते, ती ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्राच्या सात-आठ वर्षे जुन्या संगणकावर दोन-दोन मिनिटे फिरत राहते. समोर दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेली माणसे उभी असतात. पंचायतीच्या हिशेबासाठी २०२० च्या एप्रिलमध्ये ई-ग्रामस्वराज सुरू झाले. अशा प्रत्येक प्रणालीचा कस ग्रामसेवकाच्या टेबलावर लागतो. म्हणून सॉफ्टवेअर घडविणाऱ्या प्रत्येक गटाच्या खरेदीच्या यादीत एक वेगवान यंत्र तर असावेच, पण त्याबरोबर एक मुद्दाम घेतलेले मंद यंत्र, सात-आठ हजारांचा एक साधा फोन आणि मंद जोडणीची सोय हीही असावी. ही मागणी लेखाविभागाला चमत्कारिक वाटेल. ‘जुने यंत्र कशाला विकत घ्यावयाचे’ असा शेरा येण्याचा संभव आहे. अशा वेळी तो विकत न घेता कार्यालयातील निकामी ठरू पाहणारा एक संगणक राखून ठेवावा. हेतू साधतो आणि शेराही टळतो.

काही कामांत यंत्राची निवड कामच ठरवून टाकते. आयफोनसाठीची आज्ञावली ॲपलच्या एक्सकोड या साधनावर घडवावी लागते आणि ते केवळ ॲपलच्याच संगणकावर चालते. तेथे मॅक घेण्यावाचून उपाय नाही. लहानशा मॅक मिनीवर ते भागते. अँड्रॉइडसाठी तसे बंधन नाही, परंतु एम्युलेटर चालवावयाचा तर रॅमच्या बाबतीत काटकसर करू नये. संकेतस्थळे आणि सर्व्हरवरील कामांसाठी लिनक्स ही मुक्त प्रणाली पूर्णतः पुरेशी आहे आणि तिच्यासाठी परवाना शुल्क नाही.

हे शेवटचे वाक्य तालुक्याच्या गावच्या होतकरू तरुणाने विशेष लक्षात ठेवावे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून विकतात ते व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप दुरुस्त करून निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्यांची बांधणी मजबूत असते, रॅम बहुधा वाढविता येते, आणि कळफलक तर नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा चांगला असतो. घेताना बॅटरीची उरलेली क्षमता, एसएसडीचे आरोग्य आणि पडद्यावरील डाग तपासून घ्यावेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देऊ केलेले सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळत असेल तर ते लिनक्ससाठीच घ्यावे.

वीज, धूळ आणि उन्हाळा

परदेशी माहितीपत्रकांत ज्यांचा उल्लेखही नसतो अशा काही गोष्टींचा महाराष्ट्रात मात्र पहिल्यांदा विचार करावा लागतो. बऱ्याच उत्पादकांनी आपले लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनविलेले असतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत तो फारसा कमी नसतो. प्रोसेसर ठराविक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग आपणच घटवितो. अशा रीतीने अधिक पैसे मोजून घेतलेला वेग उन्हाळ्याचे दोन महिने नाहीसा होतो. खिडकीपासून दूर जागा, यंत्राखाली हवा खेळती राहील असा उंचवटा, आणि वर्षातून एकदा पंख्याची सफाई यांनी निम्मे काम होते. कोकणात उष्म्याऐवजी दमट खारी हवा त्रास देते. तेथे यंत्र आठवडे-आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज चालू करणे हितावह.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. त्यावर लिहिलेला ‘६०० व्हीए’ हा आकडा म्हणजे ६०० वॅट नव्हेत. साधारणतः ३६० वॅटच त्यातून मिळतात, आणि तेही काम जतन करून यंत्र बंद करण्याइतकी दहा-पंधरा मिनिटे. यूपीएसपेक्षाही अधिक दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. प्रयोगशाळेचे वीस संगणक घेण्यापूर्वी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करावा, मग यंत्रांचे खोके उघडावेत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की वीजजोडणीबरोबर नेटवर्कची तारही काढून ठेवावी. मुख्य फलक पुष्कळदा त्या वाटेने जळतो.

खरेदीच्या कार्यपद्धतीविषयी दोन शब्द. शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे ‘जेम’, २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून दरांची तुलना सुलभ झाली आहे. तरीही किमान दराचे तत्त्व आपले काम तेव्हाच नीट करते जेव्हा मागणीपत्रातील विनिर्देश नेमके असतात. विनिर्देश ढिले असतील तर किमान दर म्हणजे किमान यंत्र. त्यात प्रोसेसरची पिढी, रॅमचे प्रमाण आणि मोकळी खाच, एसएसडीचा प्रकार, पडद्याचे ठिपके, तीन वर्षांची जागेवर येऊन सेवा देण्याची हमी, आणि ती सेवा तालुक्याच्या गावापर्यंत मिळेल किंवा कसे, हे सारे शब्दांत यावे. ज्यांनी त्या यंत्रावर काम करावयाचे त्यांना विनिर्देश ठरविताना एकदाही विचारले जात नाही, ही बाब खेदजनक आहे. शक्य असेल तेथे संपूर्ण खरेदीपूर्वी एक नमुना यंत्र मागवावे, त्यावर गटाचा स्वतःचा प्रकल्प ठेवावा आणि घड्याळ लावून बिल्ड करून पाहावे. दोन यंत्रांतील फरक अर्ध्या तासात कळतो. माहितीपत्रके महिनाभर वाचूनही तो कळत नाही.

शाळा आणि महाविद्यालये यांची गरज मात्र वेगळी असते. तेथे वीस मध्यम यंत्रे ही पाच उत्कृष्ट यंत्रांपेक्षा श्रेयस्कर, कारण शिकणाऱ्याला वेगापेक्षा स्वतःचा कळफलक हवा असतो. एका संगणकाभोवती चार मुले बसली की एक शिकतो आणि तिघे पाहतात.

यंत्र कितीही चांगले असले तरी त्यातील डिस्क एके दिवशी जाणारच. तयार होणारी आज्ञावली रोजच्या रोज दुसरीकडे जतन व्हावी. त्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज जगभर वापरली जाते आणि तीही मोफत आहे. ही शिस्त अंगी बाणली तर यंत्र चोरीस गेले तरी काम जात नाही.

चार-पाच वर्षांनी यंत्र बदलावयाची वेळ येते, आणि तेथे बहुतेक कार्यालये अडखळतात. जुने संगणक जडसंग्रह नोंदवहीत जिवंत राहतात आणि जिन्याखाली धूळ खात पडतात. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावा अशी त्यांची अपेक्षा आहे. भंगारवाल्याला किलोच्या भावाने तो देता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी डिस्क काढून तिच्यातील माहिती कायमची नष्ट करावी. केवळ फाइली पुसणे पुरेसे नाही, कारण त्या पुन्हा वाचता येतात. एसएसडी असेल तर तिच्या उत्पादकाने दिलेल्या साधनाने ती पूर्ण रिकामी करावी, आणि बिघडलेली असेल तर तिचे तुकडे करून तसा पंचनामा नस्तीला जोडावा.